ओळखा पाहू, कुठला सिनेमा?

गेल्या आठवड्यात रात्री साडेअकराला धाकट्या चुलतभावाने फोनवर एक फोटो पाठवला. खाली एकच शब्द : "ओळख."

उंच काळी हॅट, विस्फारलेले डोळे, विस्कटलेले लांब केस आणि तोंडभर टोकदार दात. दहा सेकंदांत उत्तर पाठवलं. 'लंडन आफ्टर मिडनाइट', १९२७, लॉन चेनी. त्यावर त्याचा पुढचा प्रश्न, "ताई, पण तू पाहिलायस का हा?"

नाही पाहिला. त्यानेही नाही. पाहणार कुठून? या सिनेमाची शेवटची माहीत असलेली प्रत १९६५ साली एमजीएम स्टुडिओच्या फिल्म ठेवायच्या कोठारात लागलेल्या आगीत गेली. म्हणजे आम्ही दोघं जन्मायच्या आधीच जळून गेलेला सिनेमा आम्ही एका नजरेत ओळखतो. गंमत आहे की नाही? त्या रात्री झोप काही लागेना, म्हणून हे लिहायला घेतलं. घरच्या मंडळींनी मात्र कृपया शेवटपर्यंत वाचा. शेवटी आपल्या घरातलं एक भांडण आहे.

आमचा हा खेळ जुना. थोरले काका जिल्ह्याच्या गावी एका टॉकीजमध्ये बुकिंग क्लार्क होते. टॉकीजच्या बाहेर काचेच्या कपाटात चालू सिनेमाचे फोटो टाचण्या मारून लावलेले असत. शुक्रवारी सिनेमा बदलला की पेट्यांबरोबर फोटोही परत जायचे. जायला हवे होते, असं म्हणूया. थोडेफार मागे राहायचे आणि काकांच्या पत्र्याच्या ट्रंकेत जमा व्हायचे. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सगळी भावंडं त्या ट्रंकेभोवती. काका फोटो काढणार, नटाच्या तोंडावर तळहात ठेवणार आणि विचारणार, "ओळखा पाहू, कुठला सिनेमा?" चेहरा न बघता ओळखायचं. पडद्यावरून, खुर्चीवरून, बाईच्या ब्लाउजच्या बाहीवरून. ओळखला तर पाच पैसे. चुकला तर काकांचे पाय चेपायचे. माझे हात त्या काळात चांगलेच मजबूत झाले.

पुढे कॉलेजात पुण्यात आले तेव्हा असले वेडे आणखी भेटले. त्यांचा खेळ वरच्या इयत्तेतला. रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून इंग्रजी मासिकं आणायची, नावाची ओळ कागदाने झाकायची आणि चहाच्या टेबलावर फोटो टाकायचा. हरेल त्याने सगळ्यांचे चहाचे पैसे द्यायचे. भुताखेतांचे, परग्रहावरचे, तिसऱ्या दर्जाचे, कुणी नाव न ऐकलेले सिनेमे. त्यातले बहुतेक आमच्यापैकी कुणीच पाहिलेले नव्हते आणि पाहायला मिळतील अशी आशाही नव्हती. तरी भांडणं अशी व्हायची की जणू काल रात्रीचा शो बघून आलोय.

बऱ्याच वर्षांनी एक गोष्ट कळली आणि मी चाटच पडले. आपण ज्याला सिनेमातला फोटो म्हणतो तो बहुतेक वेळा सिनेमातला नसतोच! सिनेमा ज्या कॅमेऱ्याने घेतात त्या फितीवरून तो काढलेला नसतो. सेटवर स्थिरचित्रं काढणारा वेगळा छायाचित्रकार असायचा. शॉट झाला की नटांना परत उभं करायचा, "हलू नका" म्हणायचा आणि आपल्या मोठ्या कॅमेऱ्याने फोटो घ्यायचा. हॉलिवुडमध्ये आठ बाय दहा इंचाची अख्खी निगेटिव्ह वापरत, म्हणून ते फोटो असे लखलखीत. पण त्यामुळे फोटोतली पोज, फोटोतली नजर, कधीकधी फोटोतला अख्खा प्रसंगच पडद्यावर नसायचा. आम्ही चहाच्या टेबलावर ज्यासाठी भांडत होतो तो सिनेमा नव्हे, त्याचा सख्खा शेजारी होता.

त्या फोटोंच्या कोपऱ्यात बारीक आकडे असतात. स्टुडिओने त्या चित्रपटाला दिलेला क्रमांक किंवा खूण, आणि पुढे फोटोचा नंबर. जाहिरात खात्याच्या सोयीसाठी केलेली ही साधी व्यवस्था. आज ज्या फोटोवर नाव नाही, नट ओळखू येत नाही, तिथे जाणकार आधी तो कोपरा बघतात. त्याच खुणेचा दुसरा एखादा फोटो ओळखीचा निघाला की पहिल्याचं कूळ सापडलं. काकांचा तळहात नेमका त्या कोपऱ्यावर पडायचा का, ते आता आठवत नाही.

तर 'लंडन आफ्टर मिडनाइट'. दिग्दर्शक टॉड ब्राउनिंग. लॉन चेनीच्या त्यात दोन भूमिका, म्हणजे खरं तर एकच. स्कॉटलंड यार्डचा अधिकारी आणि तो दातवाला. तो दातवाला म्हणजे गुन्हेगाराला पकडायला अधिकाऱ्यानेच घेतलेलं सोंग! जगभर भुताचा चेहरा म्हणून जो फोटो फिरतो तो कथेत मुळात खोटाच चेहरा आहे. चेनी आपला मेकअप स्वतः करायचा आणि हे दात लावून फार वेळ राहणं सोपं नव्हतं म्हणतात. १९३० साली तो गेला. ब्राउनिंगने १९३५ मध्ये हीच गोष्ट 'मार्क ऑफ द व्हॅम्पायर' नावाने बोलपटात परत केली, बेला लुगोसीला घेऊन. तो सिनेमा आज आहे. जळायच्या आधी ज्यांनी दोन्ही पाहिले त्यांच्यातल्या काहींचं मत, दुसराच बरा होता. पण बरा असून काय उपयोग, हरवलेल्याची सर त्याला कशी येणार? २०१४ मध्ये 'लंडन आफ्टर मिडनाइट'चं एक मूळ पोस्टर लिलावात ४ लाख ७८ हजार डॉलरला गेलं.

२००२ साली टर्नर क्लासिक मूव्हीज या वाहिनीसाठी रिक श्मिडलिन यांनी मूळ पटकथा समोर ठेवून उरलेल्या फोटोंचा साधारण पाऊण तासाचा सिनेमा जुळवला. फोटोवर कॅमेरा सरकतो, मध्ये पाट्या येतात, संगीत वाजतं. मी तो बघितलाय. खरं सांगायचं तर थोड्या वेळाने कंटाळा येतो. पण मध्येच लक्षात येतं की हे आपल्या ट्रंकेतल्या खेळासारखंच आहे, फक्त नीट क्रमाने लावलेलं.

असले खेळ खेळणारे आम्हीच नव्हतो. अमेरिकेत १९५८ साली जेम्स वॉरन या प्रकाशकाने आणि फॉरेस्ट ऍकरमन या अवलियाने 'फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड' नावाचं मासिक काढलं. पानापानावर राक्षसांचे फोटो आणि ऍकरमनसाहेबांच्या भयंकर कोट्या. त्यात नाव न देता एक फोटो छापायचा आणि वाचकांनी ओळखायचा, असं सदर असायचं. ऍकरमन यांचं लॉस एंजेलिसचं घर फोटो, पोस्टरं, मुखवटे यांनी भरलेलं होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांना ते हौसेने दाखवत. स्टीफन किंग, जो डान्टे ही मंडळी लहानपणी हे मासिक वाचून वाढली. आईबापांना अर्थातच हे सगळं थेर वाटायचं. आमच्याकडेही तेच. "परीक्षेत विचारणारेत का हे?"

परीक्षेत नाही, पण एका ठिकाणी खरंच विचारतात. व्हर्जिनियातल्या कल्पेपर गावी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं फिल्म जतन करण्याचं मोठं केंद्र आहे. तिथे २०१२ पासून २०१९ पर्यंत उन्हाळ्यात 'मोस्टली लॉस्ट' नावाचा मेळावा भरायचा. ज्या मूकपटांची नावंच कुणाला माहीत नाहीत, पहिलं रीळ गेलंय, पाट्या गेल्यात, असे तुकडे पडद्यावर दाखवायचे. पियानो वाजतोय, आणि प्रेक्षकांनी गप्प बसायचं नाही, ओरडायचं! कुणी म्हणतो, ही मोटार अमुक सालची. कुणी गाडीची नंबरप्लेट वाचतो. कुणी टोपीवरून साल सांगतो. कुणी म्हणतो, हाच जिना मी दुसऱ्या एका सिनेमात पाहिलाय, म्हणजे स्टुडिओ तोच. फोन आणि लॅपटॉप बंद करा असं तिथे सांगत नसत, उलट उघडूनच बसायचं. दरवर्षी अशा रीतीने कितीतरी तुकड्यांना आपलं नाव परत मिळालं. थोरले काका तिथे असते तर त्यांनी पाय चेपून घेतले असते सगळ्यांकडून.

याच लायब्ररीने २०१३ मध्ये डेव्हिड पियर्स यांचा एक अहवाल प्रसिद्ध केला. १९१२ ते १९२९ या काळात अमेरिकेत १०,९१९ लांबीचे मूकपट प्रदर्शित झाले. त्यातले मूळ स्वरूपात पूर्ण उरलेले केवळ १४ टक्के. ७० टक्के पार गेले. नायट्रेटची फिल्म भयंकर ज्वालाग्राही, हे एक कारण. पण दुसरं कारण जास्त घरगुती आहे. बोलपट आल्यावर मूकपटाला विचारतो कोण? जागा अडवतात म्हणून टाकले. फिल्मवरच्या रसायनातून चांदी निघते म्हणून विकले.

हे वाचताना मला आपल्याकडचा 'आलम आरा' आठवला. अर्देशीर इराणींचा हा पहिला हिंदी बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. आज त्याचे थोडे फोटो आणि जाहिराती उरल्यात, फिल्म एक फूटही नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्म ठेवलेल्या कोठाराला आग लागली तेव्हा 'आलम आरा'ही त्यात जळाला अशा बातम्या आल्या. राष्ट्रीय फिल्म संग्रहालय ज्यांनी उभं केलं त्या पी. के. नायर यांनी ते खोडून काढलं. संग्रहालय स्थापन झालं १९६४ साली, आणि 'आलम आरा' त्याच्या आधीच हातचा गेला होता. नायर त्याच्या मागावर इराणींच्या घरीही गेले होते. तिथे त्यांना मुलाकडून कळलं की चांदी काढून घेऊन रिळं निकालात काढली.

(त्यातला नायक मास्टर विठ्ठल आपल्या मराठी मुलखातला. मूकपटातला मोठा मारधाडीचा हिरो, पण बोलायची पंचाईत. म्हणून त्याला सिनेमाभर बराच वेळ गुंगीतच ठेवला म्हणतात. या सिनेमासाठी त्याने जुन्या कंपनीशी करार मोडला, तेव्हा कोर्टात त्याचे वकील होते बॅरिस्टर जिना. असो, फार लांब गेले.)

फोटो किंवा तुकडा बघून सिनेमा ओळखणं हा पोरखेळ वाटतो, पण आपल्या पहिल्यावहिल्या सिनेमाच्या बाबतीतही हाच प्रश्न आहे. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. संग्रहालयात त्याची काही रिळं आहेत, आपण सगळ्यांनी त्यातली दृश्यं टीव्हीवर पाहिलीत. पण फाळक्यांनी हीच कथा १९१७ मध्ये पुन्हा केली, 'सत्यवादी राजा हरिश्चंद्र' म्हणून. काही अभ्यासक म्हणतात, उरलेली रिळं त्या दुसऱ्याची आहेत. म्हणजे आपण ज्याला पहिला सिनेमा म्हणून हात जोडतो तो कदाचित त्याचा धाकटा भाऊ असेल.

आता घरातलं भांडण.

काका १९९४ मध्ये गेले. वाड्याला रंग काढायचा होता, सामान हलवायचं होतं, आणि सगळ्यांत मोठी म्हणून मला पुढे केलं होतं. ट्रंक मी उघडली. वरचे फोटो ओलीने एकमेकांना चिकटले होते, वास येत होता. रद्दीवाला दारात उभा होता. "चकचकीत कागदाला भाव नाही बाई," म्हणाला. मी म्हटलं, घेऊन जा. चार किलो भरले. हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं. इराणींच्या मुलाला नावं ठेवायचा मला काडीचा अधिकार नाही. त्याला निदान चांदी तरी मिळाली.

एक फोटो वाचला, कारण तो ट्रंकेत नव्हताच. आजोबांच्या तसबिरीमागे खोचलेला होता. पोस्टकार्डापेक्षा थोडा मोठा. एका घराच्या दाराशी दहा-बारा खेडूत उभे. पुढे दोन बायका, पदर डोक्यावर. मागच्या ओळीत टोपी घातलेला एक पोरगा, चौदा-पंधराचा, आणि त्याचे कान! ते कान आमच्या घरात कुणालाही ओळखू येतात. वडिलांना आहेत, मला आहेत, चुलतभावाच्या मुलीलाही उतरलेत. मागे जांभळ्या शाईत 'सा. पाश' आणि '२३' हा आकडा. काका नेहमी सांगायचे, "बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश'. मूकपट. शांताराम होते त्यात. आणि हे मागे आपले बाबा, गर्दीत." आम्ही हे पाहुण्यारावळ्यांना अभिमानाने सांगत आलो. आजोबा मूकपटात होते.

'सावकारी पाश' १९२५ चा. महाराष्ट्र फिल्म कंपनी, कोल्हापूर. ना. ह. आपट्यांची कथा. सावकार जमीन लुबाडतो आणि शेतकरी शहरात गिरणीत कामाला जातो. तो शेतकरी म्हणजे तरुण व्ही. शांताराम. पुराणकथांच्या त्या दिवसांत असला विषय घेणं सोपं नव्हतं. सिनेमा आज नाही. जे. बी. एच. वाडियांनी पुढे आठवण सांगितली होती, अंधुक उजेडातली एक उदास झोपडी आणि रडणारं कुत्रं. एवढं एक चित्र त्यांच्या डोक्यात राहिलं होतं.

परवा भावाशी बोलता बोलता मी आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला काढला. जन्मतारीख १ जून १९२१. आता १ जून म्हणजे मास्तरांनी ठोकून दिलेली, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. पण वर्षात चूक असली तर एखाद-दुसऱ्या वर्षाची असेल. १९२५ साली आजोबा चार वर्षांचे! फोटोतला पोरगा चार वर्षांचा नाही. इतकी वर्षं हे साधं गणित एकानेही केलं नव्हतं, आणि यात दोन इंजिनिअर आहेत.

भाऊ लगेच म्हणाला, मग हा दुसरा 'सावकारी पाश'. खरंच आहे दुसरा. बाबूराव पेंटरांनी स्वतःच १९३६ मध्ये कोल्हापूरच्या शालिनी सिनेटोनसाठी तो बोलपटात परत केला. ब्राउनिंगने केला तसा, फाळक्यांनी केला तसा. १९३६ मध्ये आजोबा पंधराचे. कान जुळले, वय जुळलं. मूकपटाचा मान गेला, पण आजोबा राहिले. चालेल, म्हटलं.

मग मी भिंग घेऊन बसले आणि घोळ झाला. पुढच्या दोन्ही बायकांचं कुंकू काळंकुट्ट दिसतंय आणि आकाश कागदासारखं कोरं. मूकपटाच्या काळातली ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंग पकडायची नाही. लाल ते काळं, निळं ते पांढरं. नंतर पॅनक्रोमॅटिक आली तेव्हा लाल रंग राखाडी दिसायला लागला. म्हणजे कुंकवाचं मत १९२५ ला. पण एवढ्यावर निकाल देता येत नाही, कारण फोटोच्या कॅमेऱ्यांत जुन्या तऱ्हेच्या काचा पुढेही बरीच वर्षं वापरत असत. शिवाय लांबलचक उन्हात आकाश कोरंच येतं. हा २३ नंबर. बाविसावा किंवा चोविसावा असता आणि त्यात शांतारामबापू दिसले असते तर एका मिनिटात प्रश्न मिटला असता. ते दोन्ही ट्रंकेत होते का, कोण जाणे. चार किलो.

सगळा पुरावा मांडून मी आत्याला फोन केला. तिचं वय ऐंशीच्या पुढे, ऐकायला कमी येतं. ओरडून सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प. मला वाटलं फोन कट झाला.

"अगं, बाबांना थोरला भाऊ होता ना," ती म्हणाली. "दहा-बारा वर्षांनी मोठा. घरातनं निघून गेला. मुंबईला गिरणीत आहे असं कुणीतरी सांगत आलं, मग काहीच कळलं नाही. आजी त्याचं नाव काढू द्यायची नाही. फोटो नाही त्याचा घरात."

मी विचारलं, त्याचे कान कसे होते? तर म्हणाली, "मी कुठे पाहिलंय त्याला? माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. पण बाबांनी तसबिरीमागे स्वतःचा फोटो कशाला लपवला असता?"

तेव्हापासून तो फोटो टेबलावर उभा करून ठेवलाय. भाऊ १९३६ वर ठाम आहे. वडील म्हणतात, काका म्हणाले ते आजोबाच, वर्षबिर्ष मला सांगू नका. मी अजून ठरवलेलं नाही. फोटो दोन्ही बाजूंनी नीट स्कॅन केलाय. कोल्हापूरकडच्या कुणाच्या माळ्यावर अशाच आकाराचे, मागे जांभळ्या शाईत 'सा. पाश' लिहिलेले फोटो असतील तर मला कळवा, आणि तोवर कृपा करून रद्दीवाल्याला बोलावू नका. आणि निपाणीच्या मावशीकडे आजोबांच्या घराण्याची जुनी वंशावळ आहे असं ऐकते. मावशी, त्यात थोरल्या भावाचं जन्मसाल लिहिलंय का तेवढं बघून सांगा.